कालचा उपकार आज चालत नाही

माझं माहेर नगरकडचं. माझे आजोबा ख्रिस्ती झाले ते पाण्यासाठी झाले असं गावात म्हणायचे. मिशनची विहीर होती आणि आमच्या लोकांना दुसऱ्या विहिरीवर जाऊ देत नव्हते. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, खरं का गं हे. ती म्हणाली, तहानेनं देव आठवला तर काय बिघडलं, तू भाकरी थाप. तेव्हापासून मला कुणी आपल्या श्रद्धेची मोठी गोष्ट सांगायला लागलं की मी मनात विचारते, याची विहीर कुठे आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की मार्थाबाई मोठी प्रार्थनेची बाई आहे, तिच्याकडे जा. तसं काही नाही. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येतं, एवढंच.

सतराव्या वर्षी लग्न होऊन काळाचौकीला आले. नवरा योहान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, स्वभावानं गरीब, बोलणं कमी. घरात तो, मी आणि माझे सासरे. त्यांना सगळी चाळ आबा म्हणायची. सासू आधीच गेलेली. तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली, बाजूला मालवणची सावित्री आणि तिचा नवरा दत्ताराम. चाळीत आम्ही एकच ख्रिस्ती घर. बायका मला विचारायच्या, तुम्ही किरिस्ताव तर मग गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या बायकांसारखा फ्रॉक का घालत नाही. मी सांगायची, त्या वेगळ्या, आम्ही वेगळे, त्यांचं देऊळ वेगळं आणि आमचं वेगळं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मग त्या म्हणायच्या, म्हणजे तुमच्यात पण आहे का आमच्यासारखं? आहे म्हटलं, कुठे नाही.

आता आबांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आबा गिरणीतून निवृत्त झालेले, उंच, काळी टोपी, आणि त्यांची एक बाजाची पेटी. रोज दिवे लागायच्या वेळेला ते पेटी काढायचे, एक गाणं म्हणायचे, आणि मग घरातल्या प्रत्येकानं देवाला एक उपकार सांगायचा. एकच, पण कालचा आज चालायचा नाही. काल म्हटलं अन्नाबद्दल उपकार, तर आज दुसरं काहीतरी शोधा. पाहुणा आला तरी त्याची सुटका नाही. आणि चांगलं घडलं तरच असं नाही, काय वाट्टेल ते घडो. छत गळलं तरी सांगायचं, नवऱ्याची हजेरी बुडाली तरी सांगायचं. मला रोज नवं काही सुचायचं नाही. मी म्हणायची, आज डाळ नासली नाही. आबा म्हणायचे, चालेल.

मला तेव्हाच वाटायचं, की जो माणूस सगळ्याच गोष्टींबद्दल उपकार मानतो तो एकतर ढोंगी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. आणि मग माझी पहिली मुलगी गेली. सात महिन्यांची होती, ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. आमच्यात मयत झालं की गाणं म्हणतात. रडत नाहीत असं नाही, पण गाण्यातच रडतात, आणि ज्या घरात मयत असून गाणं झालं नाही त्या घराला लोक विचारतात, तुमचं तिच्यावर प्रेम नव्हतं का. आबा शिवडीच्या कबरस्तानात उभे राहिले आणि असे मोठ्यानं गायले की खड्डा खणणारे थांबून बघायला लागले. संध्याकाळी घरी पेटी काढली. मला म्हणाले, सूनबाई, तू आज नाही सांगितलंस तरी चालेल. मग स्वतः म्हणाले, देवा, सात महिने दिलेस. मी उठून गॅलरीत गेले. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला. त्यांच्या ताटात मी वाढत होते, कपडे धूत होते, पण त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता.

मग ती वर्षं आली, संयुक्त महाराष्ट्राची. आमची चाळ म्हणजे सगळी चळवळच होती. जिन्यात घोषणा, नळावर घोषणा, लहान पोरं सुद्धा मुंबई आमची म्हणत गोट्या खेळायची. योहान मोर्च्याला जायचा, सगळे जायचे म्हणून जायचा. दत्ताराम मात्र आतला माणूस होता, पत्रकं छापून आणणारा, वाटणारा, त्याच्यावर वॉरंट निघालं होतं आणि तो तळमजल्यावर एकाच्या पोटमाळ्यावर लपून राहायचा. हे चाळीला ठाऊक होतं, बाहेर कुणाला नाही. आमच्याकडे मात्र लोक जरा तिरकेच बघायचे. साहेबाचा धर्म, म्हणजे माणसं पण साहेबाचीच असणार. साहेब जाऊन किती वर्षं झाली होती, पण आमच्या अंगावरून तो काही जात नव्हता.

एक दिवस गोळीबार झाला आणि दुसऱ्या मजल्यावरचा गणपत गेला. गणपतीत ढोलकी वाजवायचा, लग्न ठरलेलं होतं. चाळीनं ठरवलं, तीन दिवस चूल पेटवायची नाही, रेडिओ नाही, भजन नाही, काही नाही. अशी शांतता मी चाळीत कधी ऐकली नव्हती, नळसुद्धा बायका हळू सोडत होत्या. आणि दिवे लागायच्या वेळेला आबांनी पेटी काढली.

मी म्हटलं, आबा, नको. ते म्हणाले, गणपत आपल्या दारावरून रोज जात होता, त्याच्यासाठी गायचं नाही तर कुणासाठी. मी म्हटलं, त्यांच्यात असं चालत नाही. ते म्हणाले, आपल्यात चालतं ना. आणि दार उघडं टाकून, उंबऱ्याशी बसून ते गायले. मुलीच्या वेळी गायले तसेच, मोठ्यानं. चूक म्हणा, हट्ट म्हणा, ते त्यांचं गाणं सगळ्या चाळीत घुमलं. मयताच्या घरात कुणी बाजा वाजवावा तसं ते लोकांना वाटलं, आणि वाटणारच. सावित्री दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आमची माणसां मेली आणि तुमी गाणी गातास? आबांनी गाणं पुरं केलं आणि मग म्हणाले, गणपतसाठीच गातोय, बाई. ती थुंकली आणि गेली. थोड्या वेळानं आमच्या दारावर खरकट्या पाण्याची बादली पडली.

दुसऱ्या दिवसापासून नळावर माझा हंडा रांगेतून उचलून मागे ठेवायला लागले. कोण ठेवायचं ते कळायचं नाही, मी वळले की सगळ्या दुसरीकडे बघायच्या. योहानला गिरणीत कुणी तंबाखू विचारेना. संध्याकाळी मी आबांना म्हटलं, आज कशाचा उपकार मानायचा, हंडा मागे ठेवला त्याचा? ते म्हणाले, नळाला पाणी होतं ना? पण एक गोष्ट मी पाहिली. त्या संध्याकाळी पेटी निघाली नाही. आबा नुसते तोंडानं गायले, हळू आवाजात. मी विचारलं, तर म्हणाले, भाता फाटलाय. आदल्या दिवशी तर चांगला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे पोलीस आले, सरळ तळमजल्यावर गेले, सरळ त्याच पोटमाळ्यावर चढले, आणि दत्तारामला घेऊन गेले. एक खोली चुकले नाहीत. म्हणजे चाळीतल्याच कुणीतरी सांगितलं. चाळीतलं कोण, यावर कुणाला फार विचार करावा लागला नाही. आबा खाली उतरले की माणसं भिंतीकडे तोंड करायची.

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पेटी मुकी, आणि दुसरं म्हणजे आबा आता रोज दुपारी छत्री घेऊन बाहेर जायला लागले होते. ऊन-पाऊस काही नाही, तरी छत्री. कुठे, तर देवळात जातो. मी परळला बाजाराला गेले होते तेव्हा पाळकसाहेब भेटले, पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, आबा रविवारी दिसतात, दुपारी तर देऊळ बंद असतं. मी घरी आले आणि पोळ्या लाटता लाटता सगळं जोडलं. मुलीच्या कबरेवर उपकार मानणारा माणूस काहीही करू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

दत्तारामला नेल्याच्या चौथ्या सकाळी नळावर सावित्री माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाली, मार्थे, खरां सांग, तुझो म्हातारो दुपारचो खंय जाता? मला म्हणता आलं असतं, देवळात. मी म्हटलं, देवळात जातो म्हणतो, पण जात नाही, मी विचारलंय. एवढंच म्हटलं. हंडा भरला आणि वर आले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्ही लिहा.

त्या दुपारी आबांनी टोपी घातली, छत्री घेतली, मला म्हणाले, येतो गं. त्यांची पावलं जिन्याकडे गेली तशी मी पेटी खाली ओढली. काय सापडेल असं मला वाटत होतं कुणास ठाऊक. भाता बघितला, कुठेही फाटलेला नव्हता. खालची फळी स्क्रूवर बसवलेली असते, ती मी विळीच्या टोकानं काढली. आत पत्रकं. घट्ट बांधलेला गठ्ठा, वर चळवळीचं मोठं नाव, आणि खाली एक वहीचा कागद, त्यावर नावं, कुणी कुणाला लपवलं, कुठे. दत्तारामचं अक्षर मला ओळखीचं होतं, सावित्रीची गावाकडची पत्रं तोच लिहायचा आणि टपालात टाकायला मी न्यायची.

मी तशीच धावले. चप्पल नाही, पदर नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिघांनी आबांना धरलं होतं. अजून कुणी ओरडलं नव्हतं, हळू आवाजात चाललं होतं, खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. एक म्हणत होता, म्हाताऱ्या, आज तुझ्यासोबत आम्ही पण येतो चौकीवर. दुसऱ्यानं छत्री हिसकली, ती उघडली गेली आणि आतून पत्रकं जिन्यावर सांडली. लगेच खालून-वरून माणसं आली. ज्यानं छत्री ओढली होती त्यानं एक पत्रक उचललं, वाचलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचीच कीव आली. आबा म्हणाले, उभे काय राहिलात, वेचा लवकर. पायातली चप्पल तुटली होती, ती त्यांनी काखेत मारली.

मी वर गेले. मला एवढं कळलं होतं की जिन्यात आता चाळीस माणसं आहेत, आणि ज्यानं दत्तारामला पकडून दिलं तो त्यांच्यातच उभा आहे. मी शेगडी पेटवली, पेटीतला गठ्ठा काढला, आधी तो नावांचा कागद घातला आणि मग बाकीचे थोडे थोडे, आणि वर भाताचं पातेलं ठेवलं, म्हणजे धूर कशाचा ते विचारायला नको. फळी परत बसवली, एक स्क्रू हरवला तो आजतागायत सापडला नाही. तासाभरात पोलीस आले. आबा खोलीतच होते. मी म्हटलं होतं, जा कुठेतरी. ते म्हणाले, मी गेलो तर तुला धरतील. पोलिसांनी गाद्या फाडल्या, शास्त्राची पानं झटकली, पेटी उघडून बघितली. पातेल्याचं झाकण उचलून एकजण म्हणाला, एवढ्या दुपारी भात? मी म्हटलं, भूक काय तुम्हाला विचारून लागते? आबांना घेऊन गेले.

सतरा दिवसांनी सोडलं. डाव्या कानावर मारलं होतं, तो कान गेलाच. त्या संध्याकाळी आमच्या दारात सगळी चाळ. खोलीत शिरायला जागा नाही. दत्तारामही सुटला होता, त्यानंच सगळ्यांसमोर सांगितलं, की गणपतच्या दिवशी आबा गायले ते मी पोटमाळ्यावरून ऐकलं, मला कळलं ते कुणासाठी गातायत, आणि हेही कळलं की आता सगळी चाळ या माणसावर थुंकणार, मग त्याच्या पेटीत कोण हात घालणार? म्हणून निरोप पाठवून तिथे ठेवायला दिलं, आणि पत्रकं रोज थोडी थोडी पोचवायला सांगितली. आबांनी एका शब्दानं विचारलं नाही, म्हणाला, फक्त म्हणाले की पेटी वाजणार नाही तेवढे दिवस. आणि मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, वहिनीनं ते कागद जाळले नसते तर आज पंधरा घरांतली माणसं आत असती. आणि लोक माझी स्तुती करायला लागले. मार्थाबाई अशी, मार्थाबाई तशी. ज्या बायकांनी माझा हंडा मागे ठेवला होता त्यांनी माझा हात धरला. योहान, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, माझा आजचा उपकार माझी बायको. सावित्री दाराला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत पण नव्हती.

आबा म्हणाले, सूनबाई, तुझं? मी म्हटलं, त्या दिवशी भात लागला नाही. सगळे हसले. आबाही हसले, पण नीट ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी सावित्रीची वाट बघत होते. भांडण झालं की आता बोलेल, नळावर वाजलं की आता सगळ्यांसमोर काढेल. एकदा ती बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, घेऊन आली, मी आधी मांजरीला घातलं. मांजर जगलं, मग आम्ही खाल्लं. आणि दुसरी नजर माझी जिन्यातल्या माणसांवर. त्या चाळिसांतला तो कोण होता ते कधीच कळलं नाही. लग्नांना बोलावलं की मी पंगतीत चेहरे बघायची, हा का तो. महाराष्ट्र झाला, चाळीत रोषणाई झाली, पेढे वाटले, मी पेढा घेताना हात कुणाचा आहे ते बघितलं. आता त्यांतले बहुतेक गेले, उरलेल्यांवर मी अजून नजर ठेवून असते.

आबांचं गाणं मात्र बिघडलं. एका कानानं सूर कळेना, पेटी एकीकडे आणि आवाज एकीकडे. आधी सुरात गायले तेव्हा बादली फेकणाऱ्या चाळीनं ते बेसूर गाणं नऊ वर्षं रोज ऐकलं, कुणी एक शब्द काढला नाही. मला कधी कधी वाटायचं, कुणीतरी बादली फेकावी.

ते गेले ते अंथरुणावरच गेले. शेवटच्या संध्याकाळी पेटी काढायला सांगितली, वाजवता आली नाही, नुसता हात ठेवला. योहाननं त्याचं सांगितलं, नंतर झालेल्या माझ्या धाकट्या मुलीनं तिचं सांगितलं. मी म्हटलं, आज ताप कमी आहे. मग त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. म्हणाले, त्या दिवशी जिन्यात सूनबाई अनवाणी धावत आली. बस, एवढाच त्यांचा उपकार. नऊ वर्षांत तो त्यांनी कधी सांगितला नव्हता, शिलकीत ठेवल्यासारखा.

आता तुम्ही मला सांगा. तेव्हा जिन्यात कुणी ओरडलं नव्हतं. वरपर्यंत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. जिला काही ठाऊक नाही ती बाई हातातलं काम सोडून अनवाणी का धावेल? हे त्यांना कळलं नसेल? तुरुंगात सतरा दिवस माणूस दुसरं काय करतो, जिन्यातलंच आठवतो. मला वाटतं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कधी वाटतं, नव्हतं, साधा म्हातारा होता, मी धावलेली त्याला आवडली. यातलं खरं कुठलं ते मला सांगणारा कुणी नाही.

सकाळी ते गेले. पाळकसाहेब यायचे होते, माझा नवरा कोपऱ्यात बसून होता, आणि गाणं कुणी धरेना. ज्या माणसानं सगळ्यांच्या मयताला गायलं त्याच्याच मयताला घर मुकं. मला सगळे शब्द पाठ होते, तोंड उघडत नव्हतं. तेव्हा गॅलरीतून सावित्रीनं सूर धरला. शब्द तिला येत नव्हते, नुसतं हूं हूं करत होती, आणि सूर पण आबांचा बिघडलेलाच, भिंतीपलीकडून रोज तोच ऐकलेला ना. मी शब्द घातले. आम्ही दोघी तशाच बेसूर शेवटपर्यंत गेलो. मग ती माझ्या जवळ आली आणि कानात म्हणाली, त्या तिघांक मीच धाडलंय गो, तू एकली नाय. इतकी वर्षं ती माझी वाट बघत होती, की मीच कधीतरी तिचं नाव घेईन.

आता सावित्रीही नाही. योहानही नाही. मी मुलीकडे असते, इथेच परळला, तुम्ही बघताच आहात. रविवारी मुलगी देवळात नेते, तिथे आता नवीन मंडळी आलीत, माईक लावून हात वर करून स्तुती करतात, डोळ्यांतून पाणी. मी मागच्या बाकावर बसून बघते, यांचं काय लपलंय. चांगली असतील बिचारी. मी आपली संध्याकाळी माझं एक सांगते. नवीन काही उरलेलं नाही, तरी शोधते. माझी थोरली सात महिने होती, हे मी अजून सांगितलेलं नाही. ते ठेवलंय.

आज तुमचंच सांगेन, की कुणीतरी बसून सगळं ऐकलं आणि मध्ये बोललं नाही. उद्या ते चालणार नाही. उठा आता, अंधार पडायच्या आत निघा, देव तुमचं बरं करो. आणि लिहिलंय ते एकदा मला वाचून दाखवा, माझा तुमच्यावर विश्वास आहे असं समजू नका.